शिवी आणि शिट्टी

ज्या घरी दहा-पंधरा वर्षांचा मुलगा आहे, त्या घरच्या आईबापांना हा अनुभव नवा नाही. संध्याकाळी मैदानावरून परतलेला मुलगा हातपाय धुतो, रोझरीला सर्वांबरोबर गुडघे टेकतो, धाकट्या बहिणीला जेवताना आपल्या ताटातला तुकडा देतो. आणि दुसऱ्या दिवशी कुंपणापलीकडून त्याचाच आवाज कानी येतो तेव्हा, हा आपलाच मुलगा काय, असा प्रश्न पडावा असे शब्द त्याच्या तोंडी असतात. आईबाप क्षणभर कावरेबावरे होतात आणि मग म्हणतात, "खेळात होते असे." आमची गोष्ट थोडी निराळी आहे. गेली अनेक वर्षे आम्ही बेळगाव-निपाणी भागात मुलांच्या फुटबॉल सामन्यांना पंच म्हणून उभे राहत आलो आहोत. त्यामुळे "खेळात होते असे" एवढे म्हणून आमची सुटका होत नाही. शिवी ऐकली की शिट्टी वाजवायची की नाही, हे तिथल्या तिथे, एका श्वासात ठरवावे लागते. हा निर्णय एकदा आमच्याकडून कसा चुकला, ते आज वाचकांपुढे ठेवीत आहोत.

पवित्र मरियेचा जन्मोत्सव ८ सप्टेंबरला झाला, आणि त्यानंतरच्या रविवारी निपाणीकडच्या एका गावी चौदा वर्षांखालील मुलांचे सामने भरले होते. पावसाची सर नुकतीच येऊन गेली होती. मैदानाच्या एका कडेला तंबाखूचे रान, दुसऱ्या कडेला छत्र्या घेऊन उभी असलेली माणसे. पंचवीस-पंचवीस मिनिटांचे दोन डाव. दोन्ही गावांची बरोबरी होती आणि शेवटची दहाएक मिनिटे उरली होती. डाव्या बगलेवरून एक चपळ, काटकुळा मुलगा चेंडू घेऊन धावत आला आणि चिखलात घसरून पडला. त्याला अडविणारा समोरचा मुलगा वाकला आणि हसत हसत, अगदी हळू आवाजात म्हणाला, "ऊठ, घरी जा. आईच्या सुपात पानं काप जा."

आम्ही चार पावलांवर होतो. ते वाक्य आम्ही ऐकले. त्यात एकही घाणेरडा शब्द नव्हता, म्हणून आम्ही ते कानाआड केले.

पडलेला मुलगा उठला आणि त्याने समोरच्याला आईवरून अशी शिवी हासडली की, छत्रीखालच्या बायकांनी माना खाली घातल्या. आम्ही शिट्टी वाजविली, खिशातून लाल कार्ड काढले आणि हात उंच केला. कडेच्या काही वडीलधाऱ्यांनी टाळ्या वाजविल्या. "अशी शिस्त पाहिजे," असे कोणीसे म्हणाले. खरे सांगावयाचे तर, त्या टाळ्यांनी आम्हाला बरे वाटले. मुलगा बूट हातात घेऊन, मागे न पाहता रानाच्या बांधावरून निघून गेला. त्याचा संघ दहा जणांनिशी खेळला आणि हरला.

बक्षीस समारंभ आटोपल्यावर एक बाई आमच्यापाशी आली. डोईवर पदर होता आणि बोटांची टोके तंबाखूने पिवळी पडली होती. निपाणी भागात हजारो घरांची चूल विड्यांवर पेटत आली आहे, हे वाचकांना सांगावयास नको. सूप मांडीवर घेऊन, कात्रीने तेंदूची पाने कापून, हजार हजार विड्या वळून या बायांनी मुलांच्या शाळांची फी भरली आहे. ती बाई म्हणाली, "सर, माझ्या पोरानं शिवी दिली, ते चुकलंच त्येचं. त्येला मी घरात बघून घेते. पर त्याच्या आधी त्यो पोरगा काय बोलला, ते तुमास्नी ऐकू आलं न्हाई व्हय?"

ऐकू आले नाही, असे म्हणता येईना, कारण ते असत्य झाले असते. ऐकू आले, असे म्हणण्याचे धैर्य होईना. आम्ही काहीतरी पुटपुटलो. ती बाई थोडा वेळ थांबली आणि गेली. बेळगावच्या बसमध्ये बसल्यावर संकेश्वर येईपर्यंत आमच्या डोळ्यांपुढून तिची पिवळी बोटे हलली नाहीत.

त्या रात्री आम्ही नियमांचे पुस्तक पुन्हा उघडले. फुटबॉलच्या बाराव्या नियमात मैदानाबाहेर काढण्याजोगे जे अपराध सांगितले आहेत, त्यांत भाषेचा अपराध आहे. आक्षेपार्ह, अपमानकारक किंवा शिवराळ, असे तीन प्रकार तेथे ओळीने दिले आहेत. कोणते शब्द वाईट याची यादी मात्र कोठेही नाही. यादी आमच्या मनात होती! लहानपणी ज्या शब्दांवरून आमच्या गालावर चपराक बसली होती, तेवढेच शब्द आम्ही अपराध मानीत होतो. नियमाने सांगितलेला मधला प्रकार, अपमानाचा, आमच्या यादीत नव्हताच. ज्या मुलाने पहिला अपराध केला तो मैदानावर राहिला आणि ज्याने दुसरा केला तो बाहेर गेला. दुसऱ्याला शिक्षा झाली यात अन्याय नव्हता. अन्याय पहिल्याला सोडण्यात होता.

नियम करणाऱ्यांनी ही यादी का दिली नसावी? पाचवा नियम म्हणतो की, पंचाने नियमांना आणि खेळाच्या वृत्तीला धरून, स्वतःच्या मताने निर्णय द्यावा. नियमांच्या चौकटीत योग्य ती कारवाई करण्याची मुभा त्याला आहे. इतर खेळांतही हेच दिसते. क्रिकेटच्या २०१७ च्या नियमावलीत खेळाडूंच्या वर्तनाविषयी स्वतंत्र नियम आला. त्यात अश्लील वा अपमानकारक भाषा हा पहिल्या पायरीचा अपराध धरला आहे. पहिल्या वेळी संघाला ताकीद, पुन्हा तसे घडल्यास प्रतिपक्षाला पाच धावा. परंतु तेथेही एक पोटवाक्य मुद्दाम घातले आहे : ती भाषा 'त्या परिस्थितीत' तशी ठरली पाहिजे. अमेरिकेतील शाळांच्या बेसबॉलमध्ये अपशब्द उच्चारणाऱ्याला पंच बाहेर काढू शकतो, पण अपराध किरकोळ वाटल्यास नुसती ताकीद देऊनही भागवू शकतो. परिस्थिती कोणी जोखायची? पंचाने. किरकोळ कोणी ठरवायचे? पंचाने. म्हणजे फिरून फिरून सारे त्याच्याच कानावर आणि विवेकावर येऊन ठेपते.

याचे कारण आपल्या सीमाभागातल्या माणसाला तरी चटकन उमगावे. येथे एका मैदानावर मराठी, कानडी, कोंकणी आणि उर्दू एकाच वेळी ऐकू येतात. मराठी मुलगा मित्राला "काय लेका" म्हणतो, त्यात लोभ असतो. कानडीत मित्रामित्रांत "ले" चालते; परक्याने तेच म्हटले तर माणूस बाह्या सरसावतो. आमची आजी आम्हाला दिवसातून दहा वेळा "मेल्या" म्हणत असे, आणि त्या एका शब्दात तिची सगळी माया साठविलेली असे. तोच शब्द पाय घालून पाडणाऱ्याने वरून टाकला तर? शब्द एकच, परंतु तो कोणाच्या तोंडून, कोणाकडे आणि कोणत्या वेळी निघाला यावर त्याचे वजन ठरते. कोणत्याही यादीत हे वजन लिहिता येत नाही.

भाषा न कळणाऱ्या पंचाची फजिती जगानेही पाहिली आहे. २३ जुलै १९६६ रोजी लंडनच्या वेम्ब्ली मैदानावर इंग्लंड आणि अर्जेंटिना यांची विश्वचषकाची उपान्त्यपूर्व लढत झाली. जर्मन पंच रूडॉल्फ क्राइटलाइन यांनी अर्जेंटिनाचा कर्णधार अंतोनिओ रातिन याला बोलण्यावरून बाहेर काढले. क्राइटलाइन यांना स्पॅनिश येत नव्हते! रातिन कित्येक मिनिटे मैदान सोडीना. दुभाषा आणा, असे त्याचे म्हणणे होते. या गोंधळानंतर केन ॲस्टन या इंग्रज पंचप्रमुखांना रस्त्यावरील दिव्यांवरून पिवळ्या आणि लाल कार्डांची कल्पना सुचली आणि १९७० च्या मेक्सिकोतील स्पर्धेत ती प्रथम अमलात आली. कार्डामुळे एक अडचण दूर झाली : कोणती शिक्षा झाली, हे कोणत्याही भाषेच्या खेळाडूला कळू लागले. पण कोणता शब्द कोणाला कोठे लागला, हे कार्डाला कळत नाही. त्यासाठी पंचाला माणूसच असावे लागते.

येथे आमचे एक वृद्ध स्नेही, जे स्वतः शाळामास्तर होते, आमच्याशी वाद घालतात. त्यांचे म्हणणे असे : "मुलांच्या बाबतीत पंचाला मुभा देणे म्हणजे पक्षपाताला दार उघडणे होय. आपल्या गावचा मुलगा शिवी देतो तेव्हा पंचाला ती खेळाच्या भरातली वाटते. परगावचा देतो तेव्हा ती उद्दामपणाची वाटते. त्यापेक्षा सरळ नियम करा : शिवी दिली की बाहेर. मुलांना एक आणि एक दोन एवढेच कळते." या म्हणण्यात तथ्य आहे, हे आम्ही मोकळेपणाने कबूल करतो. आमच्याच पुतण्याच्या सामन्यात आमचा कान किती मऊ होतो, हे आम्हाला ठाऊक आहे. पण त्या दिवशी नेमका हाच सरळ नियम आम्ही पाळला होता! शिवी दिली, बाहेर काढले. आणि ज्याने न शिवी देता एका आईच्या कष्टांवर थुंकी टाकली, तो आत राहिला. सरळ नियमाने मुलांना त्या दिवशी एवढाच धडा मिळाला की, अपमान करावयाचा तर शुद्ध भाषेत करावा.

आपल्या वाचकांना येथे एका गोष्टीची आठवण देणे अस्थानी होणार नाही. डोंगरावरील प्रवचनात प्रभूने मनुष्यवधाच्या आज्ञेचा अर्थ उलगडताना एका शब्दाचा उल्लेख केला आहे. 'राका' हा तो शब्द. त्याचा अर्थ रिकाम्या डोक्याचा, एवढाच. त्यात अश्लील काहीही नाही. तरीही भावाला तुच्छ लेखणारा तो शब्द प्रभूने क्रोधाच्या आणि वधाच्या पंक्तीला बसविला. आम्ही हा भाग मिस्सेत कितीतरी वेळा ऐकला होता. मैदानावर उभे असताना मात्र तो आठवला नाही.

तेव्हापासून आम्ही स्वतःला तीन प्रश्न विचारण्याची सवय लावून घेतली आहे. पहिला : शब्द कोणाच्या दिशेने गेला? पेनल्टी हुकल्यावर मुलगा आकाशाकडे पाहून स्वतःलाच काही बोलला, तर तो शब्द वाईट खरा, पण त्याने कोणी जखमी झालेले नाही. दुसरा : त्या शब्दाने माणसाचे काय काढले? खेळ काढला, की आई काढली, जात काढली, बापाचा धंदा काढला, काळा रंग काढला? तिसरा : हे एकदाच निसटले, की समज दिल्यावरही चालू राहिले? या तीन प्रश्नांची उत्तरे एका श्वासात द्यावी लागतात. पण प्रश्न ठरलेले असले की श्वास पुरतो.

जो शब्द कोणावर फेकलेला नाही, त्याला आम्ही लाल कार्ड दाखवीत नाही. मुलाला जवळ बोलावून समज देतो आणि पुन्हा घडल्यास पिवळे कार्ड. फुटबॉलचे नियम करणाऱ्या मंडळाने २०१७ पासून मुलांच्या आणि गावपातळीच्या सामन्यांत पिवळ्या कार्डासाठी खेळाडूला काही मिनिटे बाहेर बसविण्याची परवानगी दिली आहे. सामन्याच्या एकूण वेळाच्या दहा ते पंधरा टक्के एवढा हा काळ असावा, असे त्यांचे सांगणे आहे. इंग्लंडमध्ये २०१९ पासून गावोगावच्या सामन्यांत पंचाशी हुज्जत घालणाऱ्याला दहा मिनिटे बाहेर बसवू लागले. आपल्याकडे ही कल्पना परकी नाही. कबड्डीत हिरवे कार्ड म्हणजे ताकीद आणि पिवळे म्हणजे दोन मिनिटे बाहेर, हे गावातल्या लहान मुलालाही ठाऊक असते. ज्या हॉकीत आपल्या बेळगावचे बंडू पाटील १९६४ च्या टोकिओ ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदकाच्या संघात होते, त्या हॉकीतही आता हिरव्या कार्डाने खेळाडू दोन मिनिटे बाहेर बसतो. पन्नास मिनिटांच्या सामन्यात पाच मिनिटे बाहेर बसणे मुलाला पुरेसे झोंबते. शिवाय त्या पाच मिनिटांनंतर तो परत येतो. लाल कार्ड मिळालेला मुलगा त्या दिवशी परत येत नाही. कधी कधी तो पुढेही येत नाही.

परंतु माणसाला उद्देशून त्याची आई, जात, धर्म, गरिबी काढली, तर तो शब्द कितीही शुद्ध असो आणि कितीही हळू उच्चारलेला असो, तेथे आम्ही मऊ होत नाही. आणि हे सारे आम्ही मनात ठेवीत नाही. सामना सुरू होण्यापूर्वी दोन्ही संघांना मध्यभागी बोलावून मराठीत, आणि येते तेवढ्या मोडक्या कानडीत सांगतो की, आज आमचा कान कशासाठी उघडा असणार आहे. मास्तरस्नेह्यांच्या आक्षेपाला आमच्यापाशी एवढेच उत्तर आहे. पंचाची मुभा आधी सर्वांसमक्ष उच्चारलेली असली, म्हणजे ती पुतण्यासाठी वळविणे त्याला जड जाते.

एक गोष्ट मात्र पंचाच्या हाती नाही. २०१९ पासून प्रशिक्षकांनाही कार्ड दाखविता येते. प्रेक्षकांना दाखविता येत नाही. फार तर पंच सामना थांबवू शकतो. मुलाच्या तोंडी येणारे बहुतेक शब्द त्याने मैदानाच्या कडेवरूनच उचललेले असतात, आणि कडेवर आपण उभे असतो. बैल अडला, मोटारसायकलला कोणी आडवे आले, पंचाने आपल्या मुलाविरुद्ध शिट्टी वाजविली की आपल्या तोंडून काय निघते, याचा हिशेब ज्याने त्याने करावा. आमचा हिशेबही काही फार स्वच्छ नाही.

आता त्या मुलाविषयी. पुढच्या रविवारी आम्ही त्याच्या घरी गेलो. आई दारातच बसून विड्या वळीत होती. सूप बाजूला सारून तिने आम्हाला चटई टाकली, पाणी दिले. मुलगा खांबाला टेकून उभा होता. आम्ही त्याला म्हणालो, "बाळ, तू दिलेली शिवी वाईटच होती. पण त्याच्या आधीचे बोलणे आम्ही ऐकले होते आणि शिट्टी वाजविली नाही. ती आमची चूक झाली." वयाने चौपट लहान असलेल्या मुलापुढे हे म्हणणे वाटले होते त्यापेक्षा अवघड गेले. मुलगा बराच वेळ गप्प होता. मग त्याने विचारले, "मग आता त्येला पण कार्ड दाखवणार काय?"

सामना संपला होता. संपलेल्या सामन्यात कार्ड दाखविता येत नाही, असे आम्ही त्याला सांगितले. त्याने मान हलविली. पण ते उत्तर त्याला पटले नाही आणि आम्हालाही पुरेसे वाटले नाही. आम्ही दुसऱ्या गावच्या फादरांना भेटून सर्व हकीकत सांगितली. त्या दुसऱ्या मुलाला त्यांनी काय सांगितले, ते आम्ही विचारले नाही. एवढे मात्र कळले की, त्याची स्वतःची आजीही विड्याच वळत असे.

पुढच्या वर्षी काटकुळा मुलगा पुन्हा खेळायला आला. वीतभर उंच झाला होता. मध्यभागी उभे राहून आम्ही नेहमीचे बोलणे सुरू केले, तेव्हा तो आमच्याकडे टक लावून पाहत होता. आम्ही ते बोलणे त्या दिवशी नेहमीपेक्षा सावकाश आणि मोठ्याने केले.

वाचकहो, तुमचा मुलगा कधी मान खाली घालून, वेळेआधीच मैदानावरून घरी आला, तर "शिवी दिलीस काय?" हा प्रश्न त्याला अवश्य विचारा. तो विचारल्यावाचून सोडू नका. पण तो विचारून झाल्यावर पाण्याचा तांब्या त्याच्या हाती द्या, आणि हळूच दुसरा प्रश्नही विचारा : "त्याच्या आधी कोण काय बोलले?" आणि एखाद्या दिवशी तुमचा मुलगा जिंकून, हसत घरी आला, तर त्यालाही विचारा : "आज तू कोणाला काय बोललास?" आमच्या कानातून जे निसटते, ते कदाचित तुमच्या ओसरीवर सापडेल.